दहा सेकंदांच्या पट्टीला काय विचारावं?

छातीवर सहा आणि हातापायांना चार तारा लावून दवाखान्यात जो ईसीजी काढतात, त्यात साधारण दहा सेकंदांची नोंद असते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर बारा ठोके. दिवसभरात हृदयाचे सुमारे एक लाख ठोके पडतात. तेव्हा ‘ईसीजी नॉर्मल आहे’ याचा अर्थ त्या दहा सेकंदांत वावगं काही दिसलं नाही, इतकाच. कालच्या धडधडीबद्दल किंवा पुढच्या महिन्याबद्दल ती पट्टी फार काही बोलत नाही.

तरीही तिला कमी लेखू नका. काही दोष असे असतात की ठोका अगदी सुरळीत पडत असतानाही त्यांची खूण पट्टीवर उमटलेली असते. ती शोधायची नजर हवी, आणि शोधणाऱ्याला पेशंटची हकिगत माहीत हवी. होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवणारं यंत्र) लावा, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी) करा, आणखी एक खास ईसीजी काढू, असं ज्यांना सांगितलं गेलंय किंवा ज्यांच्या घरातलं कुणी तरुणपणी अचानक गेलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सुई न टोचता, नळी न घालता केवळ हृदयाचा आलेख काढून धोकादायक ठोक्याचा अंदाज कितपत बांधता येतो, आणि त्या अंदाजाचं आपण काय करायचं, एवढाच त्याचा विषय.

आपल्याकडे कुणीही अचानक गेलं की ‘अटॅक आला’ म्हणून मोकळे होतात. रक्तवाहिनी तुंबून हृदयाच्या स्नायूचा एखादा भाग मरतो, तो हार्ट अटॅक. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतली विजेची घडी विस्कटते आणि रक्त पुढे ढकललंच जात नाही, तो कार्डिॲक अरेस्ट. पहिल्यातून दुसरा उद्भवतो हे खरं, पण दुसरा पहिल्याशिवायही येऊ शकतो. खालच्या कप्प्यातून सुटणाऱ्या वेगवान ठोक्याला डॉक्टर व्हीटी म्हणतात. नुसती सैरभैर थरथर सुरू झाली तर व्हीएफ. व्हीएफमध्ये माणसाची शुद्ध काही सेकंदांत हरपते आणि शॉक मिळाला नाही तर मिनिटांचा खेळ असतो. याला जमीन दोन प्रकारची लागते. एक म्हणजे स्नायूतला व्रण, बहुधा जुन्या अटॅकचा. दुसरी म्हणजे पेशींच्या विजेतला जन्मजात दोष, ज्यात हृदय इकोवर ठणठणीत दिसतं. तुम्ही यातल्या कुठल्या बाजूचे, हे आधी ठरवा. दोन्हींच्या तपासण्या वेगळ्या आहेत आणि एकीची तपासणी दुसऱ्याला लावली की पैसा जातो, वर चिंता पदरात पडते.

अटॅक येऊन गेलेल्यांनी आधी पंपिंग पाहावं

अटॅकनंतर जो व्रण राहतो, त्याच्या कडेला जिवंत आणि मृत पेशी एकमेकांत मिसळलेल्या असतात. तिथून वीज रखडत जाते, वळसा घेते आणि एखादे वेळी त्याच वळशात अडकून गोल फिरत राहते. व्हीटी सुरू होण्याचा हा नेहमीचा रस्ता. व्रण मोठा तितका धोका मोठा. व्रणाचा ढोबळ अंदाज देणारी तपासणी ईसीजी नाहीच. ती आहे टू-डी इको. त्यातला एलव्हीईएफ हा टक्का, म्हणजे आपण ज्याला पंपिंग म्हणतो तो, निरोगी हृदयात साधारण ५५ ते ७० असतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅडिट-२ या अभ्यासात जुना अटॅक आणि ३० टक्के किंवा त्याहून कमी पंपिंग असलेले १,२३२ रुग्ण होते. ज्यांच्या छातीत आयसीडी, म्हणजे धोकादायक ठोका ओळखून आतूनच शॉक देणारं यंत्र, बसवलं त्यांच्यातले १४.२ टक्के दगावले. ज्यांना ते बसवलं नाही त्यांच्यातले १९.८ टक्के. २००५ च्या आणखी मोठ्या अभ्यासानंतर ३५ टक्के हा आकडा उंबरठा म्हणून रुळला.

म्हणून फाइल उघडलीत तर पहिल्यांदा हा टक्का बघा आणि तो कधी काढला त्याची तारीख बघा. अटॅकच्या चौथ्या दिवशी काढलेला इको अंतिम समजायचा नसतो. धक्का बसलेला स्नायू काही आठवड्यांत सावरतो, औषधांनी आणखी सुधारतो. यंत्राचा निर्णय अटॅकनंतर किमान ४० दिवस थांबून आणि एरवी औषधांचा पुरेसा डोस तीनएक महिने चालू राहिल्यावर नव्या इकोवरून घेतात. ही घाई न करण्याची रीत अनुभवातून आली. २००४ साली डिनामिट नावाच्या अभ्यासात अटॅकनंतर ६ ते ४० दिवसांच्या आतच यंत्र बसवून पाहिलं. ठोक्याच्या बिघाडाने होणारे मृत्यू २९ वरून १२ वर आले. पण इतर कारणांनी होणारे २९ वरून ५० वर गेले, आणि एकूण बेरीज जिथल्या तिथे राहिली.

एका आकड्यावर एवढा मोठा निर्णय टांगणं डॉक्टरांनाही रुचत नाही. अचानक दगावणाऱ्यांतले बहुतेक जण ३५ टक्क्यांच्या वरचेच असतात. त्यांचा धोका कमी असतो, पण त्यांची संख्या प्रचंड असते. या मोठ्या गर्दीतून खरे धोक्यातले लोक वेगळे काढावेत म्हणून गेल्या चाळीसेक वर्षांत ईसीजीच्या निरनिराळ्या करामती निघाल्या. त्यांची नावं रिपोर्टांत आणि जाहिरातींत भेटतात, म्हणून त्या कशा चालतात ते थोडं सांगतो.

सिग्नल-ॲव्हरेज्ड ईसीजी ही त्यातली जुनी. व्रणातून रखडत येणारी वीज ठोक्याच्या मुख्य लाटेनंतर क्षणभर उशिरा पोचते, पण ती इतकी क्षीण असते की साध्या पट्टीवर दिसत नाही. म्हणून पेशंटला दहावीस मिनिटं निश्चल झोपवून शेकडो ठोके एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढतात. स्नायूंची अन् विजेच्या तारांची खरखर त्यात विरून जाते आणि मागे राहिलेली शेपटी दिसू लागते. तिला लेट पोटेन्शियल म्हणतात. मुख्य लाट ११४ मिलिसेकंदांहून लांबली, शेवटच्या ४० मिलिसेकंदांतली ताकद २० मायक्रोव्होल्टच्या खाली गेली, बारीक शेपटी ३८ मिलिसेकंदांहून लांब निघाली, असे तिचे निकष. तपासणीला जाताना सैल कपडे घाला, थंडीने कुडकुडू नका, बोलू नका; थरथर झाली की रिपोर्ट वाया. आणि ज्यांच्या ईसीजीत आधीच बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे विजेच्या वाटेत अडथळा, आहे, त्यांनी ही तपासणी सुचवली गेली तर प्रश्न विचारावा, कारण त्या ब्लॉकमुळेच लाट लांबते आणि नेहमीचे निकष गैरलागू होतात.

आता हिची परीक्षा कशी झाली ते पाहा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपासला आलेले, पंपिंग ३६ टक्क्यांच्या खाली आणि हा ईसीजी बिघडलेला, असे ९०० रुग्ण घेतले. ४४६ जणांना आयसीडी बसवलं, ४५४ जणांना नाही. यंत्रवाल्यांत १०१ मृत्यू झाले, बिनयंत्रवाल्यांत ९५. धोका हेरायला हा ईसीजी वापरला, उपाय केला, आणि फायदा शून्य. बायपासनेच बराच धोका कमी झाला असावा, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या एका आनुवंशिक आजारात, एआरव्हीसीमध्ये, मात्र ही तपासणी निदानाला हातभार लावते. तिथे ती सांगितली असेल तर जरूर करावी.

दुसरा प्रकार ठोक्यांमधल्या चढउताराचा, म्हणजे एचआरव्हीचा. निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही. श्वासागणिक, विचारागणिक दोन ठोक्यांतलं अंतर किंचित बदलतं. अटॅकनंतर हा बदल आटला तर मज्जासंस्थेचा लगाम सुटल्याचं ते लक्षण. १९८७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात २४ तासांच्या नोंदीतला हा चढउतार, एसडीएनएन, ५० मिलिसेकंदांच्या खाली असणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १०० च्या वर असणाऱ्यांच्या पाचपट निघाला. पण गफलत इथेच आहे. हा आकडा मृत्यू सांगतो, कशाने ते सांगत नाही. डिनामिटमध्ये पंपिंग कमी आणि हा चढउतार आटलेला किंवा सरासरी ठोका जलद, असेच रुग्ण घेतले होते, आणि निकाल काय लागला ते वर आलंच आहे. मधुमेहातही तो आटतो. शिवाय मनगटावरचं घड्याळ सकाळी जो एचआरव्ही दाखवतं, तो काही मिनिटांच्या नोंदीचा, बहुधा वेगळ्याच सूत्राने काढलेला असतो. तो ३५ आला म्हणून या ५० शी त्याची तुलना करून रात्र जागवू नये.

याचाच एक भाऊबंद आहे, हार्ट रेट टर्ब्युलन्स. मध्येच एखादा जादा ठोका आला की निरोगी हृदय पुढचे काही ठोके जरा घाईने टाकतं आणि मग संथ होतं. हे हेलकावणं दिसलं नाही तर ते चांगलं नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी १९९९ साली हे मांडलं. होल्टरच्या नोंदीतूनच ते काढता येतं, वेगळं काही करावं लागत नाही.

सगळ्यांत जास्त आशा लावली गेली ती टी-वेव्ह अल्टरनन्सवर. ठोका पडून गेल्यावर हृदय पुन्हा सज्ज होतं त्या वेळची लाट म्हणजे टी. काही आजारी हृदयांत ती एकाआड एक ठोक्याला किंचित लहानमोठी होते. फरक डोळ्यांना दिसणारा नाही, मायक्रोव्होल्टांतला, १.९ मायक्रोव्होल्ट ही एका पद्धतीतली मर्यादा. ट्रेडमिलवर चालवून ठोका मिनिटाला १०५ ते ११० वर नेतात आणि संगणक हा फरक शोधतो. ठोका मुळातच अनियमित असेल, म्हणजे एएफ असेल, तर ही पद्धत चालत नाही. सुरुवातीच्या निकालांनी फार उत्साह आला होता. पुढे २००८ साली मॅडिट-२ सारखेच ५७५ रुग्ण घेऊन केलेल्या अभ्यासात व्हीटी-व्हीएफ कुणाला होणार आणि कुणाला नाही, हे या चाचणीला वेगळं काढता आलं नाही. माझं मत स्पष्ट आहे: निगेटिव्ह आली तर थोडा दिलासा, पॉझिटिव्ह आली तर डॉक्टरांनी अधिक बारकाईने बघण्याचं कारण. पण केवळ हिच्यावरून यंत्र बसवावं किंवा नाकारावं, इतकं वजन तिला नाही.

अशी कुठलीही तपासणी सुचवली गेली की डॉक्टरांना विचारा: “हा रिपोर्ट वाईट आला तर तुम्ही काय वेगळं कराल, आणि चांगला आला तर काय कराल?” दोन्ही उत्तरं सारखीच असतील तर तपासणी कशासाठी, हा पुढचा प्रश्न ओघानेच येतो. चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत.

तरुणांत, बिनब्लॉकेजच्या हृदयात

इथे चित्र उलटं होतं. इको नॉर्मल, अँजिओ नॉर्मल, आणि साधी दहा सेकंदांची पट्टीच सर्वांत बोलकी. पण त्याआधी हकिगत.

भोवळ येऊन पडणारे पुष्कळ असतात. शाळेच्या प्रार्थनेला उन्हात उभं असताना, रक्त बघून, लग्नाच्या गर्दीत घामाघूम होऊन, आधी मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आणि मग पडणं, असा क्रम असेल तर ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. मात्र धावताना किंवा पोहताना पडणं, बसल्याजागी वा झोपलेलं असताना शुद्ध जाणं, पूर्वसूचनेशिवाय कोसळून तोंडावर लागणं, आधी जोराची धडधड होणं, अलार्म किंवा फोनच्या दचकवणाऱ्या आवाजाने शुद्ध हरपणं, या गोष्टी वेगळ्या. मेंदूला रक्त पोचलं नाही की हातपाय झटकले जातात आणि घरचे सांगतात, “फिट आली.” मग वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या सुरू राहतात. खऱ्या फिटनंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला, गुंगीत असतो. ठोक्याच्या बिघाडातून सावरलेला बहुधा पटकन भानावर येतो. फिटची ट्रीटमेंट चालू आहे, पण औषधांनी फरक नाही आणि कधी नीट वाचलेला ईसीजी काढलेलाच नाही, अशी स्थिती असेल तर तो आठवडाभरात काढून घ्या.

घराण्याचा इतिहास विचारताना ‘कुणाला हार्टचा त्रास?’ असा प्रश्न पुरत नाही. तीन पिढ्यांची नावं कागदावर लिहा आणि चाळिशीच्या आत कोण गेलं ते विचारा. विहिरीत पट्टीचा पोहणारा बुडाला का? झोपेतच कुणी गेलं का? सरळ रस्त्यावर एकट्याची गाडी झाडावर गेली का? बाळ पाळण्यातच गेलं का? लांब क्यूटी या दोषाच्या (त्याचा अर्थ पुढे येतो) एका प्रकारात पोहणं हेच ठोका बिघडायचं निमित्त असतं. दुसऱ्यात अचानक आवाज. तिसऱ्यात विश्रांती आणि झोप. आजीच्या तोंडून ‘नजर लागली’ म्हणून ऐकलेली गोष्ट कार्डिओलॉजिस्टला कामाची असू शकते. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्नं होतात, म्हणून आणखी एक सांगतो. जेरवेल आणि लँग-नील्सन यांनी १९५७ साली वर्णन केलेल्या आजारात जन्मतः बहिरेपण आणि लांब क्यूटी एकत्र असतात, आणि तो आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला चक्कर येत असेल तर ईसीजी टाळू नका.

क्यूटी म्हणजे खालच्या कप्प्यात वीज पसरण्यापासून ते कप्पा पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ. ठोका जलद असला की हा वेळ आखडतो, म्हणून ठोक्याच्या वेगाप्रमाणे त्यात दुरुस्ती करून क्यूटीसी काढतात. पट्टीच्या कोपऱ्यात मशीन तो छापतंच. पुरुषांत ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत सर्वसाधारण. ५०० च्या पुढे गेला तर डॉक्टर सावध होतात. पण मशीनच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. बहुतेक मशीन १९२० सालचं बॅझेटचं सूत्र वापरतात आणि ठोका जलद असला की ते सूत्र आकडा फुगवतं. समजा घाबरल्यामुळे ठोका १०० आहे आणि मोजलेला क्यूटी ३६०. बॅझेटने क्यूटीसी येतो सुमारे ४६५. त्याच १९२० साली आलेल्या फ्रिडेरिशियाच्या सूत्राने येतो सुमारे ४२७. पट्टी तीच, माणूस तोच. म्हणून आकडा काठावर असेल तर दहा मिनिटं शांत बसून पुन्हा ईसीजी काढायला सांगा आणि डॉक्टरांनी तो हाताने मोजावा, अशी विनंती करा. उलटही होतं: लांब क्यूटी असलेल्या काहींची पट्टी विश्रांतीत नॉर्मल येते आणि टीएमटीनंतर ठोका मंदावताना दोष उघडा पडतो. त्यामुळे धावणं संपलं म्हणून तारा लगेच काढू नयेत. पुढची चारपाच मिनिटंच इथे महत्त्वाची.

क्यूटी औषधांनीही लांबतो, आणि ही बाजू आपल्या रोजच्या जगण्यात अधिक येते. ॲझिथ्रोमायसिन, ऑफ्लॉक्सासिनच्या घराण्यातल्या काही गोळ्या, फ्लुकोनाझोल, ओंडान्सेट्रॉन, हॅलोपेरिडॉल, एस्सिटॅलोप्रॅम ही त्यातली ओळखीची नावं. पित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या जोडगोळीतलं डोम्पेरिडोनही त्यातच. एकेकटं औषध निरोगी माणसाला सहसा काही करत नाही. पण उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होऊन पोटॅशियम उतरलेलं, त्यात लघवी वाढवणारी गोळी आधीपासून चालू, आणि वर यातली दोनतीन औषधं एकदम, अशी सरमिसळ झाली की धोका खरा होतो. सिसाप्राइड हे पोटाचं औषध याच कारणाने २०११ मध्ये भारतात बंद झालं. क्यूटीसी लांब असल्याचं ज्यांना एकदा सांगितलं गेलंय, त्यांनी चिठ्ठीच्या वर लाल शाईने लिहून ठेवावं आणि मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या घेणं कायमचं सोडावं.

ब्रुगाडा हा दुसरा दोष. पेद्रो आणि जोसेप या ब्रुगाडा बंधूंनी १९९२ साली तो मांडला. छातीच्या उजव्या बाजूच्या पहिल्या दोन तारांत एक विशिष्ट उतरती कमान दिसते. खोडी अशी की ती आज दिसते, उद्या नाही. तापात मात्र ती वर येऊ शकते. म्हणून घरात हा दोष असेल तर तापात ईसीजी काढून घ्यावा, ताप लवकर उतरवावा, आणि तंत्रज्ञाला त्या दोन तारा नेहमीच्या जागेपेक्षा एकदोन बरगड्या वर लावूनही नोंद घ्यायला सांगावी. तिसरा सीपीव्हीटी, ज्यात विश्रांतीतली पट्टी अगदी निर्दोष असते आणि धावताना किंवा रागाच्या भरात मुलं कोसळतात. तिथे टीएमटी हीच खरी परीक्षा. मूल खेळताना पडलं आणि ईसीजी, इको नॉर्मल आले म्हणून घरी पाठवलं गेलं, तर टीएमटी राहिली आहे हे लक्षात ठेवा. ती जिथे शॉक देण्याची सोय आणि हृदयतज्ज्ञ हजर आहेत अशाच ठिकाणी करावी.

होल्टर लावून घरी बसू नका

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस पहिलं चालतंफिरतं यंत्र बनवलं, तेव्हा ते सुमारे ३८ किलोचं होतं आणि पाठीवर बांधावं लागे. आता ते खिशात मावतं. चिकटपट्टीसारखं छातीवर दोन आठवडे राहणारंही मिळतं. लोक मात्र ते लावलं की अंगात ताप असल्यासारखे पलंगावर पडून राहतात. मग रिपोर्ट येतो तो पडून राहिलेल्या माणसाचा. जिने चढा, बाजारात जा, ज्या कामात धडधड होते ते काम करा, रात्री ज्या कुशीवर झोपल्यावर ठोका हुकल्यासारखा वाटतो त्याच कुशीवर झोपा.

लावायला जाण्यापूर्वी आंघोळ करून जा, कारण नंतर बहुतेक यंत्रांना पाणी चालत नाही. छातीला तेल, पावडर, क्रीम काही लावू नका. पुरुषांनी केस काढू दिले तर चिकटपट्ट्या नीट बसतात. पुढून बटणं असलेला सुती कपडा घाला. बायकांनी जाड माळा, लांब मंगळसूत्र तारांत अडकणार नाही असं पाहावं. मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नका. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.

आणि वही. तिच्याशिवाय होल्टरची निम्मी किंमत जाते. वेळ, त्या वेळी काय करत होता, काय वाटलं, किती वेळ टिकलं. यंत्रावर बटण असेल तर त्याच क्षणी दाबा. तुमच्या नोंदीच्या मिनिटाला पट्टीवर व्हीटीची धाव दिसली तर उत्तर मिळालं. त्या मिनिटाला ठोका अगदी सरळ असेल तरी उत्तर मिळालंच, आणि ते आनंदाचं आहे. लक्षणं महिन्यातून एकदाच येत असतील तर २४ तासांचं होल्टर पुन्हा पुन्हा लावण्यात अर्थ नाही; दोन आठवड्यांचा पॅच किंवा त्वचेखाली बसणारा लूप रेकॉर्डर याबद्दल विचारा. शेवटचा प्रकार त्वचेला छोटा छेद देऊन बसवतात, एवढं ध्यानात ठेवा.

रिपोर्टात ‘व्हीपीसी’ किंवा ‘एक्टोपिक’ शब्द दिसला की धाबं दणाणतं. हे जादा ठोके निरोगी माणसांतही सापडतात. बघायचं ते इतकंच: एकूण ठोक्यांच्या किती टक्के आहेत, सलग तीन किंवा जास्त आलेत का, आणि इको कसा आहे. दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे गेले तर पंपिंगवर लक्ष ठेवावं लागतं. पण ते औषधाने पुसून टाकले म्हणजे धोका पुसला, असं मुळीच नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात कास्ट नावाचा अभ्यास झाला. अटॅकनंतर ज्यांना असे जादा ठोके येत, त्यांना ते दाबणारी औषधं दिली. पट्टी स्वच्छ झाली. १९९१ च्या अहवालात औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, तर खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. डॉक्टर जादा ठोक्यांना औषध न देता ‘राहू द्या’ म्हणाले तर ते दुर्लक्ष करताहेत असं समजू नका.

मनगटी घड्याळाचा ईसीजी एका तारेचा असतो. एएफ पकडायला तो चांगला. हार्ट अटॅक त्याला कळत नाही आणि पुढच्या व्हीएफचा इशाराही तो देत नाही. त्याचा उपयोग एका गोष्टीला जरूर करावा. धडधड सुरू झाली, बसता येतंय, बोलता येतंय, तर तीस सेकंदांची नोंद घेऊन पीडीएफ जपून ठेवा. अंधारी येत असेल, छातीत दुखत असेल, तर घड्याळाशी खेळत बसू नका. १०८ ला फोन लावा. आणि शेजारचा माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायला सुरुवात करा आणि जवळ एईडी, म्हणजे बाहेरून शॉक देणारं यंत्र, असेल तर ते मागवा.

आता कागदांचं. ईसीजी बहुतेक ठिकाणी उष्णतेने छापणाऱ्या कागदावर निघतो आणि तो काही वर्षांत फिका पडतो; प्लॅस्टिकच्या पिशवीत, उन्हात, गाडीच्या डिकीत तर फारच लवकर. लॅमिनेशनला दिलात तर मशीनच्या उष्णतेने सगळा काळा होऊ शकतो. काढल्या दिवशीच झेरॉक्स आणि मोबाइलवर सरळ, सावली न पडता फोटो घ्या. तारीख, वेळ आणि त्या वेळी काय त्रास होत होता ते मागे लिहा. तंदुरुस्त असतानाची एक पट्टीही असावी, कारण नवीन बदल ओळखायला जुनी पट्टी लागते.

आनुवंशिक दोषाचं निदान एकाचं झालं की आईवडील, भावंडं आणि मुलं यांचा ईसीजी काढतात, लक्षण असो वा नसो. मुलांचा एकदा नॉर्मल आला म्हणून प्रकरण मिटत नाही. वाढत्या वयात तो ठरावीक अंतराने पुन्हा काढावा लागतो, किती अंतराने ते आजारावर अवलंबून. जनुकीय तपासणी करायची असेल तर ती आधी ज्याला आजार आहे त्याची करतात, मग त्याच्यात सापडलेला बदल इतरांत शोधतात. जाताना तो तीन पिढ्यांचा कागद सोबत न्या.